रन : एका क्रियापदाची मोजणी

इंग्रजीतले 'रन' हे क्रियापद आपल्याला शाळेच्या अगदी पहिल्या पुस्तकांत भेटते. शेजारी धावणाऱ्या मुलाचे चित्र आणि खाली अर्थ : धावणे. ऑक्सफर्ड इंग्लिश डिक्शनरीच्या संपादकांनी २०११ साली याच क्रियापदाची नोंद नव्याने लिहून पुरी केली, तेव्हा तिच्यात ६४५ अर्थ भरले. पीटर गिलिव्हर या कोशकाराने या एका नोंदीसाठी सुमारे नऊ महिने घातले. वर्तमानपत्रांनी 'इंग्रजीतला सर्वाधिक अर्थांचा शब्द' म्हणून बातमी दिली आणि तेव्हापासून हा आकडा प्रश्नमंजूषांत फिरतो आहे.

मला त्या आकड्यापेक्षा मोजणीचे नवल वाटत आले आहे. टोपलीतले पेरू मोजावेत तसे अर्थ मोजता येत नाहीत. ते एकमेकांत मिसळलेले असतात. पाणी वाहते, नाक वाहते, धुतल्यावर कापडाचा रंग सुटतो. इंग्रजीत तिन्ही ठिकाणी 'रन'च. हा एक अर्थ, दोन की तीन? कुणीतरी माणूस टेबलाशी बसून हे ठरवतो. ६४५ या आकड्यामागे असे शेकडो निर्णय आहेत, आणि ते घेण्याची रीत दीडशे वर्षांत हळूहळू घडत गेली.

लंडनच्या फिलॉलॉजिकल सोसायटीपुढे रिचर्ड शेनेविक्स ट्रेंच यांनी १८५७ साली इंग्रजी कोशांतल्या उणिवांवर व्याख्याने दिली, तिथून या कोशाची सुरुवात धरतात. पहिले संपादक हर्बर्ट कोलरिज तिशीतच वारले. पुढे फ्रेडरिक फर्निव्हल यांच्या काळात काम रेंगाळले. १८७९ साली जेम्स मरे यांनी ते हाती घेतले तेव्हा त्यांच्या घरी सुमारे दोन टन चिठ्ठ्या येऊन पडल्या. एका पोत्यात मेलेला उंदीर निघाला. मरे मूळचे स्कॉटलंडमधल्या एका खेड्यातले, चौदाव्या वर्षी शाळा सुटलेली. मिल हिल इथे त्यांनी पत्र्याची एक खोली उभी केली, तिच्यात चिठ्ठ्यांसाठी १०२९ खण केले आणि तिला 'स्क्रिप्टोरियम' असे नाव दिले. चिठ्ठ्या लावायला घरची मुलेही बसत आणि त्यांना खाऊचे पैसे मिळत.

चिठ्ठी म्हणजे पत्राच्या कागदाचा अर्धा ताव. डावीकडे वर शब्द, खाली ग्रंथाचे नाव, साल, पान आणि तो शब्द जिथे आला ते पूर्ण वाक्य. देशोदेशींचे वाचक पुस्तके वाचून या चिठ्ठ्या फुकट लिहून पाठवत. पण वाचकाचे लक्ष जाते ते विचित्र शब्दाकडे. 'अब्यूजन' या मोडीत निघालेल्या शब्दाच्या पन्नासेक चिठ्ठ्या आल्या आणि 'अब्यूज' या रोजच्या शब्दाच्या पाचही नव्हत्या. मरे यांनी वाचकांना पुन्हा आवाहन केले, की साधे शब्दही टिपा. कोशाच्या कामातली ही गोष्ट मला सर्वांत मोलाची वाटते. जो शब्द आपण दिवसाला शंभरदा उच्चारतो तो आपल्याला दिसतच नाही. तो पकडायला मुद्दाम डोळे लावून बसावे लागते.

अशा मदतनिसांपैकी एकाची आठवण भारतीय वाचकाने ठेवावी. फिट्झएडवर्ड हॉल हे अमेरिकन गृहस्थ १८४६ साली भारतात आले आणि बनारसच्या संस्कृत महाविद्यालयात शिकवू लागले. संस्कृत ग्रंथाची संपादित आवृत्ती काढणारे ते पहिले अमेरिकन. पुढे लंडनला संस्कृतचे प्राध्यापक झाले, तिथल्या विद्वानांशी बिनसले आणि ते सफकमधल्या एका खेड्यात जाऊन राहिले. तिथून वर्षानुवर्षे ते मरे यांच्याकडून आलेली मुद्रिते तपासून, स्वतःच्या टिपणांतली उदाहरणे भरून परत धाडत. १९०१ साली ते गेले तोवर हे चालू होते.

साध्या क्रियापदाच्या चिठ्ठ्या हजारांनी जमल्या की खरे काम सुरू होई. मरे यांनी ते फिलॉलॉजिकल सोसायटीच्या सभासदांना सांगितले आहे. संपादक चिठ्ठ्यांचे तीस-चाळीस गट करतो, प्रत्येक गटाला तात्पुरती व्याख्या लावतो, मग सगळे गट टेबलावर किंवा जमिनीवर पसरतो आणि बुद्धिबळातल्या सोंगट्यांप्रमाणे तासन्‌तास इकडून तिकडे हलवत बसतो. कुठला अर्थ आधीचा, कुठला त्यातून फुटला, कुठला दुसऱ्याच फांदीचा, हे सालांवरून लावायचे. पण वाक्ये सालांच्या क्रमाने शहाण्यासारखी वागत नाहीत. मधला दुवा हरवलेला असतो, किंवा नातवाचा पुरावा आजोबांच्या पुराव्याआधी सापडतो.

पहिल्या आवृत्तीत या कसोटीला सर्वांत कठीण उतरलेले क्रियापद 'सेट'. ठेवणे, बसवणे, लावणे, मावळणे, गोठणे अशा कितीतरी कामांना ते जुंपलेले. ते हेन्री ब्रॅडली यांच्या वाट्याला आले. ब्रॅडली विद्यापीठात गेलेले नव्हते. शेफील्डमध्ये सुऱ्याकात्र्या बनवणाऱ्या एका पेढीत त्यांनी वीसेक वर्षे कारकुनी केली होती. १८८४ साली कोशाचा पहिला भाग निघाला तेव्हा त्यांनी त्याचे असे चिकित्सक परीक्षण लिहिले, की मरे यांनी त्यांना कामात ओढून घेतले. मरे १९१५ साली गेले, ब्रॅडली १९२३ साली. कोश पुरा झाला १९२८ साली. १९८९ च्या दुसऱ्या, वीस खंडांच्या आवृत्तीतही 'सेट' पहिल्याच क्रमांकावर होते. त्याचे ४३० हून अधिक अर्थ आणि जवळजवळ ६०,००० शब्दांचा मजकूर, म्हणजे एक चांगली कादंबरी भरेल एवढा.

आता 'रन' जवळून पाहू. जुन्या इंग्रजीत ते एक क्रियापद नव्हतेच. 'रिनन' म्हणजे धावणे, वाहणे. त्यातले वर्ण उलटून 'इर्नन' असेही रूप रूढ झाले होते. 'नुकसान'चे 'नुसकान' होते तसाच हा वर्णविपर्यय. शेजारी दुसरे क्रियापद होते, त्याचा अर्थ धावायला लावणे. उत्तरेकडून आलेल्या नॉर्स लोकांच्या बोलीतली सख्खी रूपेही त्यांत मिसळली. पळणे आणि पळवणे ही आपण आजवर वेगळी ठेवली आहेत. इंग्रजीत ती दोन्ही एका 'रन'मध्ये विरघळली. तिथेच अर्थांचा दुहेरी झरा सुरू होतो. घोडा धावतो आणि घोडा धाववला जातो, पाणी वाहते आणि आंघोळीसाठी पाणी सोडले जाते, सगळे एकाच शब्दात.

मग यंत्रे आली. वाफेचे इंजिन 'रन' करू लागले, म्हणजे त्याचे भाग फिरत राहिले. इंजिन चालवणारा माणूस ते 'रन' करू लागला, मग गिरणी, मग हॉटेल, मग अख्खी संस्था. या साखळीत पायांनी धावणे कधीच मागे पडलेले आहे. आगगाड्या वेळापत्रकाप्रमाणे, नाटक महिनोन्‌महिने, जाहिरात आठवडाभर, करार पाच वर्षे आणि संगणकाचा प्रोग्रॅम क्षणभर 'रन' होतो. ठेवीदार बँकेच्या दारात लोटतात तोही 'रन', आणि ताप चढतो तोही. क्रिकेटमध्ये अठराव्या शतकात धावेला 'नॉच' म्हणत, कारण मोजणारा काठीवर खाच पाडत असे. खाच मागे पडली आणि खेळाडूच्या धावण्याचेच नाव गुणाला मिळाले. निवडणुकीला अमेरिकेतला उमेदवार 'रन' करतो, ब्रिटनमधला 'स्टँड' करतो. आपल्याकडचा उभाच राहतो. इंग्रजीत धावणारी बहुतेक कामे मराठीत चालतात : दुकान चालते, नाटक चालते, यंत्र चालते, खटलाही चालतो.

'सेट' स्थिर काळाचे क्रियापद आणि 'रन' आपल्या धावत्या यंत्रयुगाचे, म्हणून 'रन' पुढे गेले, अशी मांडणी 'रन'च्या बातमीबरोबर झाली. ती आकर्षक आहे आणि यंत्रांमुळे 'रन' फुगले यात शंका नाही. तरीही ही शर्यत मला मान्य नाही. कोशाची फेरतपासणी २००० साली 'एम' अक्षरापासून वर्णक्रमाने सुरू झाली. त्याच वर्षी 'मेक'ची नवी नोंद सर्वांत मोठी ठरली. २००७ साली 'पुट' पुढे गेले, २०११ साली 'रन'. एम, पी, आर. 'एस'ची पाळी तेव्हा आलेलीच नव्हती. म्हणजे 'रन'ची नवी, संगणकावरच्या अफाट पुराव्यानिशी लिहिलेली नोंद आणि 'सेट'ची मूळची ब्रॅडलींच्या हातची नोंद एकाच तराजूत घातली गेली. पुरावा वाढला, पाहण्याची नजर बारीक झाली, की अर्थही वाढतात.

अर्थ क्रियापदात साठवलेले असतात ही समजूतच मुळात तपासायला हवी. सी. के. ऑग्डेन यांनी १९३० साली ८५० शब्दांची 'बेसिक इंग्लिश' काढली, तिच्यात 'गेट', 'पुट', 'टेक', 'मेक' अशी अवघी अठरा क्रियापदे होती. यादी छोटी दिसली, पण ओझे कमी झाले नाही. 'पुट' एकदा शिकले म्हणजे 'पुट ऑफ' म्हणजे पुढे ढकलणे आणि 'पुट अप विथ' म्हणजे सोसणे हे आपोआप येत नाही. परक्या विद्यार्थ्याला हीच जोडणी शिकावी लागते. हे ज्यांनी नीट ओळखले ते ए. एस. हॉर्नबी. जपानमध्ये इंग्रजी शिकवताना त्यांनी एकेका क्रियापदामागे काय येते याचे साचे मांडले. त्यांचा कोश १९४२ साली जपानमध्ये आणि १९४८ साली ऑक्सफर्डकडून निघाला. 'ॲडव्हान्स्ड लर्नर्स' या नावाने आपल्या कितीतरी घरांत तो पोहोचला, पण त्यातले साचे वगळून आपण अर्थच तेवढे पाहत आलो याची मला हळहळ वाटते. 'रन'च्या नोंदीत खरी विद्या त्या साच्यांत आहे.

मराठी माणसाला हे पटायला ऑक्सफर्डला जावे लागत नाही. मोल्सवर्थ यांनी शास्त्र्यांच्या मदतीने केलेल्या १८३१ आणि १८५७ च्या कोशांत, किंवा दाते-कर्वे यांच्या १९३२ ते १९३८ या काळात निघालेल्या महाराष्ट्र शब्दकोशात 'लागणे' उघडून पाहावे. भूक लागते, ठेच लागते, निकाल लागतो, दिवा लागतो, डोळा लागतो, विहिरीला पाणी लागते, औषध कडू लागते, फोन लागत नाही, जावे लागते, आणि तो माझा मामा लागतो. यांतला एकही अर्थ आपण पाठ केलेला नाही. शब्दाशेजारी कोण बसले आहे त्यावरून आपल्याला कळते. स्टँडवर कुणी 'पुण्याची गाडी लागली' म्हटले की आपण पिशव्या उचलतो. घाटात त्याच माणसाने 'मला गाडी लागली' म्हटले की लिंबू शोधतो. आणि रस्त्यातून 'त्याला गाडी लागली' असे ऐकू आले की धावत सुटतो.