फोन आपलं ऐकत का नाही?



मागच्या गळीत हंगामातली गोष्ट आहे. आपल्याच कार्यक्षेत्रातल्या एका सभासदाची उजव्या हाताची बोटे कडबाकुट्टीत सापडली. हात दीड महिना बांधलेला. घरी म्हातारी आई, कारभारीण आणि गोठ्यात चार जनावरे. ऊस तर तोडीला आलेला. बोटाने लिहिता येईना म्हणून ते फोनवर बोलून निरोप लिहू लागले. एके दिवशी चिटबॉयला त्यांनी निरोप सांगितला, "पाणी तोडलं आहे, टोळी पाठवा." फोनने लिहिले, "पाणी सोडलं आहे, टोळी पाठवा."

अक्षराचा फरक एवढासाच, पण अर्थ उलटा झाला. चिटबॉयने वाचले आणि त्याची समजूत झाली की रान ओले आहे, गाडी आत जाणार नाही. टोळी दुसऱ्या फडात गेली. आमच्या या सभासदाचा ऊस १२ दिवस जादा उभा राहिला. पाणी तोडलेला ऊस १२ दिवस तसाच उभा राहिला म्हणजे वजनाचे काय होते, हे ऊसवाल्यांना आम्ही सांगायला नको.

आम्ही भेटायला गेलो तेव्हा ते वैतागून म्हणाले, "ह्यो फोन निम्म्या वेळी ऐकतच न्हाई, आन् ऐकलं तर भलतंच लिवतोय. आपली गावठी बोली त्याला कळत नसंल." आम्ही फोन घेऊन त्यांच्या सोप्यात तासभर बसलो. एकेक गोष्ट तपासत गेलो. बोलीचा दोष अगदी थोडा निघाला. बाकीचे दोष साधे होते आणि घरच्या घरी दुरुस्त होण्यासारखे होते. अशीच तक्रार इतर सभासदांकडूनही आमच्या कानावर येते, म्हणून जे तपासले ते क्रमाने येथे देत आहोत. दुकानात फोन नेण्याआधी एवढे करून पाहावे.

फोनचा कान

फोनच्या खालच्या कडेला, चार्जिंगच्या तोंडाजवळ, टाचणीच्या टोकाएवढे भोक असते. तोच फोनचा मुख्य कान, म्हणजे माईक. आपला फोन पाटावर पडतो, पाचटात पडतो, घामेजल्या खिशात राहतो. त्या भोकात माती बसते. काही वेळा बाहेरचे रबरी कव्हरच भोकावर सरकलेले असते. कव्हर काढावे आणि कोरड्या, मऊ ब्रशाने हलके झाडावे. सुई किंवा टाचणी आत घालू नये, आतला नाजूक पडदा फाटतो.

मग एक परीक्षा घ्यावी. फोनमधल्या रेकॉर्डरवर चार वाक्ये बोलून ती परत ऐकावी. आवाज स्वच्छ आला तर कान चांगला आहे, दोष पुढे कुठेतरी आहे. आवाज घोगरा किंवा अगदी बारीक आला तरच दुरुस्तीवाल्याकडे जावे. या एका परीक्षेने निम्मे हेलपाटे वाचतात.

फोन दुसरीकडे ऐकतो आहे का?

आमच्या सभासदाच्या मुलाने कानात घालायचे बिनतारी हेडफोन आणले होते. ते डबीतून निघून खाटेवर पडलेले आणि ब्लूटूथने फोनला जोडलेले. वडील फोनपुढे बोलत होते आणि फोन मात्र खाटेवरच्या हेडफोनातून ऐकत होता! ब्लूटूथ बंद केले आणि "ऐकतच न्हाई" ही तक्रार तिथेच संपली.

परवानगी

प्रत्येक ॲपला माईक वापरण्याची परवानगी आपण द्यावी लागते. पहिल्या दिवशी घाईत "नको" दाबले गेले की ते ॲप कायमचे बहिरे राहते. शिवाय बरेच महिने न वापरलेल्या ॲपची परवानगी नवे अँड्रॉइड फोन स्वतःहून काढून घेतात. सेटिंगमध्ये जाऊन ॲपचे नाव, मग परवानग्या, मग माईक असे पाहावे आणि परवानगी द्यावी.

आणखी एक ठिकाण आहे. २०२१ साली आलेल्या अँड्रॉइड १२ पासून वरून खाली ओढायच्या पट्टीत सगळा माईक एकदम बंद करण्याचे बटण ठेवता येते. नातवंडांच्या खेळात ते दाबले गेले तर बोलून लिहिणे बंद पडते. तेही पाहून घ्यावे.

भाषा

बोलून लिहिण्याची मराठीची सोय गूगलच्या कीबोर्डवर ऑगस्ट २०१७ पासून आहे. पण कीबोर्ड ज्या भाषेवर असेल त्याच भाषेचे शब्द फोन शोधतो. कीबोर्ड इंग्रजीवर असेल तर आपल्या मराठीचे काहीतरी इंग्रजी करतो. हे लगेच ध्यानात येते. हिंदीवर असेल तर मात्र फसगत होते, कारण लिपी एकच. अक्षरे देवनागरी दिसतात, शब्द मात्र भलतेच उमटतात, आणि माणूस समजतो की आपली बोलीच खराब. आमच्या सभासदाचा कीबोर्ड हिंदीवरच होता. जागा सोडायच्या लांब पट्टीवर भाषेचे नाव असते. तिथे "मराठी" आहे ना, हे बोलण्याआधी पाहावे.

रेंज आणि बॅटरी

मराठी बोलून लिहिताना आपला आवाज बहुधा इंटरनेटवरून कंपनीच्या संगणकाकडे जातो आणि अक्षरे होऊन परत येतो. उसाच्या फडात रेंज नसेल तर मधले शब्द गळतात. बांधावर, उघड्यावर येऊन बोलावे. "हे गूगल" म्हणून हाक मारणारांनी बॅटरी वाचवण्याची सोय चालू आहे का ते पाहावे. ती चालू असताना फोन हाक ऐकायचे थांबवू शकतो.

बोलण्याची रीत

फोनवर ओरडू नये. ओरडल्याने शब्द फुटतात. ट्रॅक्टर, मोटर, कुट्टी चालू असेल तर थोडे बाजूला जावे, फोन तोंडापासून वीतभर धरावा आणि नेहमीच्या आवाजात, वाक्य न तोडता बोलावे. सुटा शब्द ओळखण्यापेक्षा सबंध वाक्य ओळखणे फोनला सोपे जाते. नुसते "तोडलं" म्हणण्याऐवजी "उसाचं पाणी बंद केलं आहे, रान वाळलं आहे" असे सांगितले तर एक शब्द चुकला तरी अर्थ उलटा होत नाही.

आकड्यांना जपावे. एकोणसाठ, एकोणसत्तर, एकोणऐंशी यांत माणसेही चुकतात. फोन नंबर एकेक आकडा सुटा करून सांगावा. "दीड एकर" म्हटल्यावर "म्हणजे साठ गुंठे" असे जोडून द्यावे. ८६०३२ किंवा २६५ अशी उसाची जात सांगितली असेल तर आकडा डोळ्यांनी ताडून पाहावा.

माणसांची नावे फोनमध्ये इंग्रजी अक्षरांत साठवलेली असली की हाक मारूनही सापडत नाहीत. नेहमीची पाच-दहा नावे मराठीत, आडनावासह साठवावीत.

हात अजिबात चालत नसेल तर

सगळा फोनच आवाजावर चालवण्याचीही सोय आहे. अँड्रॉइडवर गूगलचे व्हॉइस ॲक्सेस २०१८ साली आले, आयफोनवर व्हॉइस कंट्रोल २०१९ साली. पडद्यावरच्या प्रत्येक बटणाला आकडा दिसतो, तो आकडा उच्चारला की बटण दाबले जाते. हुकूम इंग्रजीत चालतात, पण "शो नंबर्स", "गो बॅक", "स्क्रोल डाऊन" एवढ्या तीन हुकमांवर बरेच काम होते. आमच्या सभासदाच्या सातवीतल्या मुलीने हे त्यांना एका संध्याकाळी शिकवले.

शेवटची आणि मोठी गोष्ट

एवढे सगळे करूनही फोन चुकणार, हे धरून चालावे. म्हणून तोडीचा, वजनाचा, पैशाचा निरोप धाडण्याआधी एकदा वाचावा. वाचता येत नसेल तर घरातल्या पोराकडून वाचून घ्यावा. तेही शक्य नसेल तर अक्षरांच्या नादी न लागता व्हॉट्सॲपवर आपला आवाजच पाठवावा. त्यात "तोडलं" ते "तोडलं"च राहते. आणि बँकेचा पिन किंवा ओटीपी चारचौघांत फोनला तोंडाने कधीही सांगू नये.

आमच्या सभासदाचा हात आता बरा आहे, बोटे थोडी आखडलेली राहिली आहेत. अजून ते बोलूनच लिहितात, पण धाडण्याआधी मुलीला हाक मारतात. "वाच गं जरा, काय लिवलंय त्यानं." ती वाचते, मग ते मान हलवतात आणि निरोप जातो. गेल्या हंगामात १२ दिवसांच्या वजनाला मुकून त्यांनी ही सवय लावून घेतली. आपण सर्वांनी ती फुकटात लावून घ्यावी, एवढेच आमचे सांगणे.