निरवानिरव नव्हे, तरतूद!

“शुभ बोल रे नाऱ्या!” आमच्या घरी मृत्युपत्राचा विषय निघाला तेव्हा सासूबाईंच्या तोंडून पहिलं वाक्य निघालं ते हेच. आणि हे म्हणाले, “अगं, मी अजून चाळिशीसुद्धा गाठली नाही!” तुमच्या घरी याहून वेगळं उत्तर मिळेल असं मला वाटत नाही.

पण मैत्रिणींनो, मृत्युपत्र म्हणजे म्हातारपणीची निरवानिरव, ही आपली समजूतच चुकीची आहे. ज्यांची मुलं मिळवती झाली त्यांनी काही लिहून ठेवलं नाही, तर फार तर वाटणीवरून कुरबूर होईल. पण ज्यांची मुलं अजून शाळेत डबा विसरून येतात, त्यांच्या घरी प्रश्न नुसत्या पैशांचा राहत नाही. मुलं कुणाच्या मांडीवर वाढायची, हा तो प्रश्न असतो.

माझ्या शाळेतल्या एका मैत्रिणीमुळे माझे डोळे उघडले. तिचे यजमान अचानक गेले. मुलं दोन, एक चौथीत आणि एक बालवाडीत. फ्लॅट एकट्या त्यांच्या नावावर, त्यावर कर्ज. तिने ठरवलं, फ्लॅट विकावा, कर्ज फेडावं आणि माहेराजवळ लहानशी जागा घ्यावी. सोसायटीत नॉमिनी म्हणून तिचंच नाव होतं. मग अडचण कसली?

वकिलांनी सांगितलं, “बाई, नॉमिनी म्हणजे मालक नव्हे.” मृत्युपत्र नव्हतं, तेव्हा १९५६ च्या हिंदू वारसा कायद्याप्रमाणे पत्नी, दोन मुलं आणि पतीची आई असे चार सारखे वाटे. म्हणजे तिच्या वाट्याला रुपयातले चार आणे! सासूबाई समजूतदार, त्यांनी संमती दिली. पण मुलांच्या आठ आण्यांचं काय? अज्ञान मुलाच्या मालकीचं घर किंवा जमीन विकायची तर प्रत्यक्ष आईलाही जिल्हा न्यायालयाची परवानगी काढावी लागते. अर्ध्या दिवसाच्या रजा टाकून ती शिवाजीनगरच्या कोर्टात खेपा घालत होती. एकदा मला म्हणाली, “अगं, ते गेले म्हणून रडायलाही सवड मिळाली नाही.”

कायद्याला बोल लावण्यात अर्थ नाही. मुलांच्या मालमत्तेवर कुणी हात मारू नये म्हणूनच ती अट आहे. पण “फ्लॅट माझ्या पत्नीला मिळावा” एवढं तिच्या यजमानांनी रीतसर लिहून ठेवलं असतं, तर या खेपा टळल्या असत्या.

मात्र नुसता कागद असून भागत नाही. तो शांतपणे, वेळेवर केलेला हवा. याचं मोठं उदाहरण आपल्या पुण्याच्याच इतिहासात आहे. सरदार बाबा महाराज पंडित ७ ऑगस्ट १८९७ रोजी पटकीने वारले. त्यांनी मृत्युपत्र केलं ते त्याच दिवशी. विश्वस्तांमध्ये लोकमान्य टिळक आणि दादासाहेब खापर्डे यांच्यासारखी माणसं. पत्नी ताई महाराज तेव्हा गरोदर होत्या. पुढे मुलगा झाला, पण तो अवघ्या काही आठवड्यांत गेला. अशा वेळी विश्वस्तांच्या संमतीने दत्तक घ्यावा, असं मृत्युपत्रात होतं. १९०१ साली विश्वस्तांच्या पुढाकाराने औरंगाबादला, म्हणजे आजच्या छत्रपती संभाजीनगरला, एक दत्तकविधान झालं. त्याच वर्षी ताई महाराजांनी कोल्हापूरला दुसरा मुलगा दत्तक घेतला. मग दाव्यांवर दावे! टिळकांवर फौजदारी खटलासुद्धा झाला. ताई महाराज १९०३ मध्ये वारल्या आणि प्रिव्ही कौन्सिलने टिळकांच्या बाजूने निकाल दिला तो १९१५ साली. मरणाच्या दिवशी केलेल्या कागदाचा घोळ अठरा वर्षं चालला.

इतिहासात ही टिळकांची सत्त्वपरीक्षा म्हणून सांगितली जाते आणि ती होतीच. पण मला वाटत राहतं ते त्या कोवळ्या वयाच्या विधवेबद्दल. तो कागद होत असताना तिच्याशी चार शब्द बोलायला कुणाला उसंत मिळाली असेल का?

म्हणून आधी नवरा-बायकोने एकमेकांशी बोलायचं. आमच्याकडे याच पायरीला दोन दिवस अबोला झाला! हे म्हणत, मुलं माझ्या भावाकडे राहतील. मी म्हणे, माझ्या बहिणीकडे. शेवटी ध्यानात आलं की माया लावणारा आणि हिशेब ठेवणारा माणूस एकच असायला हवा असं थोडंच आहे? मुलांना सांभाळायला बहीण आणि पैशांची व्यवस्था बघायला दीर, असं ठरलं. मग दोघांना विचारलं. बहीण लगेच हो म्हणाली. तिच्या यजमानांनी मात्र विचाराला आठ दिवस मागितले. मला ते आवडलं. दोन मुलांची जबाबदारी म्हणजे काही हळदीकुंकवाचं आमंत्रण नव्हे.

इथे कायद्यातली एक बारीक गोष्ट लक्षात ठेवा. वडिलांनी मृत्युपत्रात पालक नेमला, पण त्यांच्यामागे आई हयात असेल, तर ती नेमणूक लागू होत नाही. आईच पालक. पुढे आईही गेली आणि तिने कुणाला नेमलेलं नसेल, तर वडिलांनी नेमलेला माणूस पालक होतो. आईने नेमला असेल तर तिचा. म्हणून दोघांनी आपापलं वेगळं मृत्युपत्र करावं आणि दोन्हींत नाव एकच घालावं. वाद झालाच, तर न्यायालय मुलाचं हित सर्वांत आधी पाहतं. (हे नियम हिंदू, जैन, बौद्ध आणि शीख कुटुंबांसाठी. इतर भगिनींनी आपापला कायदा वकिलांकडून समजून घ्यावा.)

आता करायचं काय ते थोडक्यात सांगते.

१. मृत्युपत्र साध्या कागदावर चालतं, मुद्रांक लागत नाही. आपण सही करायची आणि ती पाहिलेल्या दोन साक्षीदारांनी आपल्यासमोर सह्या करायच्या. ज्यांना काही मिळायचं आहे त्यांना साक्षीदार करू नये. नोंदणी सक्तीची नाही, पण दुय्यम निबंधकांच्या कचेरीत करून ठेवलेली बरी.

२. मुलांची जन्मतारखेसह नावं, पालक, तो नसल्यास दुसरा पालक आणि मृत्युपत्र अमलात आणणारा व्यवस्थापक, हे सगळं स्पष्ट लिहा.

३. प्रॉव्हिडंट फंड, बँक, विमा, सोसायटी, सगळीकडची नॉमिनेशन्स तपासा. लग्नाआधीचे फॉर्म तसेच पडून असतात! १ नोव्हेंबर २०२५ पासून बँकेच्या ठेवीवर चार नॉमिनी नेमता येतात. विम्याला मूल नॉमिनी असेल, तर ते सज्ञान होईपर्यंत रक्कम स्वीकारणाऱ्या माणसाचं नाव घालावं लागतं.

४. यजमानांचा धंदा असेल, देणी असतील, तर विमा १८७४ च्या विवाहित स्त्रियांच्या मालमत्तेच्या कायद्याखाली घ्यायला सांगा. ती रक्कम पत्नी-मुलांसाठी राखीव राहते, सावकाराचा हात सहसा तिथे पोचत नाही. मात्र हे पॉलिसी घेतानाच लिहून द्यावं लागतं.

५. खाती, पॉलिसी, कर्ज, दागिने यांची यादी एका वहीत करा. ती कुठे आहे हे दोघांनाही आणि नेमलेल्या पालकालाही माहीत हवं.

६. दुसरं मूल झालं, घर बदललं की कागद पुन्हा काढा. मृत्युपत्र केव्हाही बदलता येतं आणि शेवटचं तेच खरं.

आणि हो, “माझ्याकडे आहेच काय लिहायला?” असं म्हणू नका. तुमचं स्त्रीधन, तुमची ठेव, तुमच्या नावावरचा अर्धा फ्लॅट, हे सगळं तुमचं आहे.

आमची मृत्युपत्रं मागच्या महिन्यात झाली. कपाटाची किल्ली फिरवली तेव्हा अशुभ काही वाटलं नाही. उलट, पावसाळ्याआधी छपराची कौलं शाकारून घेतल्यावर वाटतं ना, तसं वाटलं. सासूबाई दारात उभ्या होत्या. जरा घुटमळल्या आणि हळूच म्हणाल्या, “वकिलांकडे परत कधी जाणार आहात गं? माझ्या पाटल्यांचं लिहायचं राहिलंय.”