सिकलसेलचे मूल शाळेत जाताना

विदर्भातल्या शाळा उर्वरित महाराष्ट्रापेक्षा उशिरा, जूनच्या अखेरीस उघडतात. वणी, मारेगाव, झरी-जामणी भागात नेमकी तेव्हाच कपाशीच्या पेरणीची घाई असते. त्या धावपळीत वह्या, दप्तर, गणवेश कसेबसे जमतात. पण ज्या घरात सिकलसेलचे मूल आहे, तिथे आणखी एक काम असते. मुलाचा आजार शाळेला सांगण्याचे. अनेक घरांत तेच राहून जाते, कधी विसरून, तर बऱ्याचदा मुद्दाम. मुलगी असेल तर ‘पुढे लग्नाला अडचण येईल’ ही भीती मोठी असते. ती समजण्यासारखी आहे, पण तिची किंमत त्या मुलीलाच मोजावी लागते.

हा आजार आदिवासी आणि अनुसूचित जातींमध्ये जास्त आढळतो. इतर समाजही त्यातून सुटलेले नाहीत. तपासणीत ‘एएस’ आले तर मूल केवळ वाहक असते. त्याला औषध लागत नाही आणि शाळेत वेगळे वागवण्याचीही गरज नसते. ‘एसएस’ आले तर मूल रुग्ण असते. त्याच्या लाल पेशी कोयत्यासारख्या वाकतात, कडक होतात, बारीक रक्तवाहिन्यांत अडकतात आणि हातपाय, पाठ, छाती असह्य दुखू लागते. शरीरातले पाणी कमी होणे, गारठा, ताप आणि अति दमणूक ही त्याची नेहमीची कारणे. शाळेच्या दिवसात या चारही गोष्टी घडू शकतात.

पहिली गोष्ट पाण्याची. पाऊस लांबला तर जूनच्या शेवटीही वणीत चांगलेच तापते. या मुलांच्या मूत्रपिंडांना लघवी दाट करून पाणी राखून ठेवणे जमत नाही. म्हणून त्यांना तहान जास्त लागते, लघवीलाही वारंवार जावे लागते. काही मुले मोठी होईपर्यंत अंथरूण ओले करतात. वर्गात असे मूल तासाला दोनदा बोट वर करते आणि ‘आत्ताच गेला होतास ना?’ म्हणून ओरडा खाते. मग ते पाणी पिणेच सोडते. स्वच्छतागृह घाण असेल किंवा दाराला कडी नसेल, तर मुली सकाळपासून घोटभरही पाणी घेत नाहीत. दोन दिवसांनी पाय दुखू लागतात आणि शाळा बुडते. बाटली बाकावर ठेवू द्यावी आणि लघवीला जाताना अडवू नये, एवढे गुरुजींना सांगितले तरी बरेच दुखणे टळते.

पाऊस सुरू झाला की ओल्या कपड्यांत दिवस काढणे या मुलांना महागात पडते. दप्तरात कोरडे कपडे असावेत. खेळायला बंदी नको. दम लागला की थांबू द्यावे, शिक्षा म्हणून मैदानाला फेऱ्या मात्र मारायला लावू नयेत. दुखऱ्या जागी बर्फ लावू नये, ऊब द्यावी. डोळे पिवळसर दिसतात म्हणून ‘कावीळ आहे, लांब बस’ असेही होते. हा आजार कुणाला लागत नाही, हे वर्गात एकदा स्पष्ट सांगायला हवे.

तापाच्या बाबतीत मात्र वाट पाहायची नाही. या मुलांची प्लीहा लहानपणीच निकामी होत जाते, त्यामुळे जंतुसंसर्ग झपाट्याने पसरतो. १०१ फॅरनहाइट किंवा त्याहून जास्त ताप, छातीत दुखणे, धाप लागणे, एकाएकी पांढरे पडणे, तोंड वाकडे होणे, हात लुळा पडणे, यांपैकी काहीही दिसले की त्याच क्षणी रुग्णालय गाठावे. शाळा सुटण्याची किंवा आईबाप शेतातून येण्याची वाट पाहू नये. म्हणून शाळेला द्यायच्या चिठ्ठीत निदान, चालू औषधे, दोन मोबाइल क्रमांक आणि जवळच्या सरकारी रुग्णालयाचे नाव असावे.

मे महिन्यात लग्ने, तेंदूपत्ता, पाहुणपण यांत हायड्रॉक्सियुरिया आणि फॉलिक अॅसिडच्या गोळ्या हमखास चुकतात. हायड्रॉक्सियुरियाने दुखण्याचे झटके कमी होतात, पण रोज घेतली तरच. शिवाय ठरावीक काळाने रक्त तपासावे लागते. शाळा उघडण्याआधी ही तपासणी आणि राहिलेल्या लसी उरकाव्यात. मूल आश्रमशाळेत राहत असेल तर गोळ्या त्याच्या पेटीत टाकून निघू नये. अधीक्षकांच्या हातात द्याव्यात आणि रात्री ताप आला तर गाडी कुठली, हेही विचारून घ्यावे.

शिकवून काय उपयोग, असा प्रश्न काही घरांत दबक्या आवाजात येतो. वैद्यकीय नियतकालिकात ज्या रुग्णावरून हा आजार १९१० मध्ये पहिल्यांदा नोंदवला गेला, तो विद्यार्थीच होता. ग्रेनाडा बेटावरचा वॉल्टर नोएल १९०४ मध्ये शिकागोला दंतवैद्यकी शिकायला गेला, पुन्हा पुन्हा आजारी पडला, तरी शिक्षण पुरे करून मायदेशी दंतवैद्य झाला. तेव्हा यातले एकही औषध नव्हते.

२०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यातल्या २१ प्रकारांत सिकलसेल आहे. प्रमाणपत्र असेल तर दहावी-बारावीत जादा वेळेसारख्या सवलतींसाठी शाळेमार्फत अर्ज करता येतो. मूल नववीत गेले की प्रमाणपत्राच्या मागे लागावे. बोर्डाचे फॉर्म भरायच्या आठवड्यात ते हाती पडत नाही.