दोगोचे उष्णोदक-स्नानगृह

भूगर्भातून आपोआप वर येणारे उष्ण पाण्याचे झरे आपणांस अपरिचित नाहीत. वज्रेश्वरीची कुंडे प्रसिद्धच आहेत. कोकणात तर अशा झऱ्यांना ‘उन्हाळे’ असे स्वतंत्र नावच आहे. जपानात त्यांना ‘ओन्सेन’ म्हणतात, आणि तेथे उष्णोदकस्नान हा लोकजीवनाचा एक अविभाज्य भागच होऊन बसला आहे.

शिकोकु बेटावरील मात्सुयामा नगरातील दोगो हे जपानातील अतिप्राचीन ओन्सेनांपैकी एक होय. पाय दुखावलेला एक पांढरा बगळा येथील पाण्यात रोज पाय बुडवी व त्यायोगे तो बरा झाला, अशी दंतकथा आहे. शिकोकुवर जागृत ज्वालामुखी नाही. मग हे पाणी तापते कशाने? पावसाचे पाणी खडकांच्या भेगांतून खोल मुरते. भूपृष्ठाखाली दर किलोमीटरमागे साधारणतः २५ ते ३० अंश उष्णता वाढते. त्यामुळे तापलेले पाणी पुन्हा भेगांवाटे वर येते. या भेगांवरच सारे अवलंबून असल्याने डिसेंबर १९४६ च्या मोठ्या भूकंपानंतर दोगोचे झरे बंद पडले. सुदैवाने पुढील वर्षी ते पुन्हा वाहू लागले.

येथील तीनमजली लाकडी स्नानगृह १८९४ साली बांधले गेले. त्या वेळचे नगराध्यक्ष इसानिवा युकिया यांनी जुनी इमारत पाडून नवी भव्य वास्तू उभारण्याचा संकल्प केला, तेव्हा खर्चाच्या भीतीने नागरिकांनी कडाडून विरोध केला. परंतु शंभर वर्षांनीही ज्याची बरोबरी कोणास करता येणार नाही असे काही उभारले, तरच गावाचा चरितार्थ चालेल, अशी त्यांची धारणा होती. त्यांनी स्वतःचे वेतनही घेतले नाही व काम तडीस नेले. पुढल्याच वर्षी विख्यात कादंबरीकार नात्सुमे सोसेकी शिक्षक म्हणून मात्सुयामास आले. ‘बोत्चान’ या त्यांच्या १९०६ च्या कादंबरीमुळे हे स्नानगृह घरोघर ठाऊक झाले.

येथे जाणाऱ्याने काही नियम पाळावयाचे असतात. पादत्राणे दाराशीच काढावीत. स्त्रिया व पुरुष यांची स्नानाची दालने वेगळी असतात. कुंडात उतरण्यापूर्वी बाहेर बसून साबणाने अंग स्वच्छ धुवावे, कारण कुंड हे मळ काढण्यासाठी नसून उबेत विसावण्यासाठी असते. अंगपुसणे पाण्यात बुडवू नये, पोहू नये, गोंगाट करू नये. कुंडातील पाणी सुमारे ४२ अंश उष्ण असल्याने फार वेळ बसणे योग्य नव्हे. स्नानानंतर वरच्या मजल्यावर सुती ‘युकाता’ नेसून चहा घेण्याचा प्रघात आहे. छतावरील मनोऱ्यातील नगारा सकाळी सहा, दुपारी बारा व सायंकाळी सहा वाजता वाजतो.

१९९४ साली शासनाने या वास्तूस महत्त्वाच्या सांस्कृतिक ठेव्याचा दर्जा दिला. जानेवारी २०१९ मध्ये तिचा जीर्णोद्धार सुरू झाला. परंतु त्या काळातही स्नानाची सोय अंशतः चालू ठेवण्यात आली होती. जुलै २०२४ मध्ये सारी इमारत पुन्हा खुली झाली. जुनी वास्तू केवळ कुलूप लावून जपता येते असे नाही. ती रोजच्या वापरात ठेवून, शिस्तीने वागवूनही जपता येते, हे दोगोकडे पाहून कळते. इसानिवांनी ज्या शंभर वर्षांचा हिशेब मांडला होता, ती केव्हाच उलटून गेली आहेत.