विमान देशांतर्गत, पण व्हिसा वेगळा!

मुंबईतील आमचे एक सुरती कापड व्यापारी स्नेही पॅरिसला प्रदर्शन पाहायला निघाले. एवढे लांब जातोच आहोत, तर रीयुनियन बेटावरील नातलगांनाही भेटून यावे, असा त्यांचा बेत होता. एजंटाने सांगितले, "बेट फ्रान्सचेच आहे शेठ. सफर देशांतर्गत. एकच व्हिसा चालेल." पॅरिसच्या विमानतळावर मात्र त्यांना रोखण्यात आले. तिकिटाचे पैसे बुडाले, हॉटेलचा खर्च अंगावर पडला आणि नातलगांची भेट राहिली ती राहिलीच.

एजंटाचे म्हणणे अर्धे खरे होते. ते अर्धेच महागात पडले. व्यापारी बंधूंनी हा प्रकार नीट समजून घ्यावा, म्हणून आम्ही लिहीत आहोत.

रीयुनियन हे हिंदी महासागरात, मादागास्करच्या पूर्वेला आणि मॉरिशसच्या शेजारी आहे. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात सुरतेकडील मुसलमान व्यापारी तेथे गेले व त्यांनी कापडाची दुकाने थाटली. त्यांना तेथे 'झाराब' म्हणतात. सेंट डेनिस शहरातील त्यांची मशीद १९०५ सालची आहे.

१९४६ पासून हे बेट फ्रान्सचा रीतसर प्रांत आहे. पॅरिसहून अंतर नऊ हजार किलोमीटरांहून जास्त, विमानाला सुमारे अकरा तास लागतात. तरीही फ्रेंच माणसाच्या दृष्टीने हा आपल्याच मुलुखातला प्रवास. चलन युरोच, आणि त्याला पासपोर्टही लागत नाही, ओळखपत्र पुरते. उलट मॉरिशसहून पाऊण तासात पोहोचता येते, पण ती परदेशवारी!

मग आपला माणूस अडतो कोठे? युरोपातील अनेक देशांना मिळून जो शेंगेन व्हिसा मिळतो, त्याची हद्द या बेटापर्यंत पोहोचत नाही. भारतीय प्रवाशाच्या व्हिशावर बेटासाठी वेगळी मंजुरी लागते. दुसरी गोष्ट याहून नाजूक आहे. पॅरिसहून बेटाकडे निघालात की तुम्ही शेंगेनबाहेर पडलात. व्हिसा एकाच प्रवेशाचा असेल, तर परत पॅरिसला उतरता येत नाही.

मालाचेही तसेच. खुद्द फ्रान्सहून आलेल्या मालावरही बेटावर 'समुद्री जकात' नावाचा जुना कर लागू होतो. आपल्याकडे १ जुलै २०१७ रोजी जीएसटी आला आणि मुलुंड-दहिसरच्या नाक्यांवरची जकात गेली. तिकडे ती अजून आहे. मूल्यवर्धित कराचा सर्वसाधारण दर फ्रान्समध्ये २० टक्के, तर बेटावर साडेआठ टक्के.

यात नवल वाटण्याचे कारण नाही. कोचीहून लक्षद्वीपच्या अगत्तीला जाणारे विमान देशांतर्गतच आहे. तरी बाहेरच्या भारतीयाला परवाना काढावाच लागतो. विमान देशांतर्गत असले, म्हणून प्रवेशाची मुभा मिळतेच असे नाही.

तेव्हा तिकीट काढण्यापूर्वी तीन गोष्टी विचाराव्यात. हा व्हिसा त्या बेटावर चालतो काय? त्यावर किती वेळा प्रवेश आहे? सोबतच्या नमुन्यांच्या मालावर काय कर पडेल? उत्तर एजंटाच्या तोंडचे नको, वकिलातीचे लेखी घ्यावे.

आमच्या स्नेह्यांनी पुढच्या साली तसेच केले आणि नातलगांकडे आठवडाभर राहून सुखरूप परतले.