राखणदाराची राखण

दिवाळी सरली, की देशावरचे कितीतरी धनगर मेंढरे घेऊन कोकणात उतरतात. पाऊस तोंडावर आला, की परत फिरतात. वाटेत शेतात मुक्काम पडतो. रात्री मेंढरांभोवती वाघर लावतात. वाघर म्हणजे जाळीचे कुंपण. दिवसभर चालून माणसे थकलेली असतात. ती झोपी जातात. मग जागे कोण राहते? धनगराचा कुत्रा.

माळावर लांडगा चोरपावलांनी येतो. कुत्र्याला त्याचा वास आधी लागतो. तो भुंकतो, माणसे उठतात आणि लांडगा मागे फिरतो. धन्याला जागे करणे, हेच कुत्र्याचे मोठे काम. लांडग्याला मारू मात्र नये. १९७२ च्या कायद्याने त्याला संरक्षण दिले आहे.

असा कुत्रा निवडावा कसा? आधी पिलाचे आईबाप बघा. ते राखणीवर असले, तर पिलूही बहुधा त्याच वळणाचे निघते. कारवानी कुत्रा सडपातळ आणि चपळ असतो. तो शिकारीचा. सशामागे धावेल. राखणीला मात्र कळपापाशी ठाण मांडून बसणारा कुत्रा हवा. काही लोक हौसेने थंड मुलखातला दाट केसांचा कुत्रा आणतात. आपल्या उन्हात तो धापा टाकतो. त्याचे हाल करू नयेत.

पिलू दोन महिन्यांचे झाल्यावर आणावे. त्याआधी आईपासून तोडू नये. डोळे स्वच्छ असावेत. पोट नगाऱ्यासारखे फुगलेले नसावे. तसे असले, तर जंत असण्याचा संभव असतो. जवळ टाळी वाजवून बघा. घाबरून कोपऱ्यात दडून बसणारे पिलू नको, अंगावर येणारेही नको. जे दचकते आणि मग हळूच जवळ येऊन हुंगते, ते घ्या. कुत्रीही उत्तम राखण करते.

आणल्या दिवसापासून पिलू कोकरांजवळ ठेवा. कोकरांच्या वासातच ते वाढू द्या. खेळताना कोकराचा कान ओढला, तर तिथल्या तिथे दटावा. मारू नका. दीड-दोन वर्षांनी कुत्रा पुरता कामाचा होतो. तोवर धीर धरावा. दिवसभर साखळीला बांधलेला कुत्रा चिडका होतो. तो दिसेल त्याला चावतो.

पिलाला दिवसातून तीन-चार वेळा थोडे थोडे घालावे. मोठ्या कुत्र्याला दोन वेळा पुरे. नुसत्या भाकरीवर त्याचे अंग भरत नाही. वरण, ताक, अंडे जमेल तसे द्यावे. शिजवलेली हाडे देऊ नयेत. त्यांच्या कपच्या होऊन घशात रुततात. पाण्याचे भांडे नेहमी भरलेले असावे. कानामागे आणि बोटांच्या बेचक्यात गोचीड बघत जावे.

आता एक गोष्ट नीट ध्यानात घ्या. मेंढी मेली, की तिचे काळीज, फुप्फुस कुत्र्यापुढे टाकण्याची रीत आहे. ती घातक आहे. त्यात कधी पाण्याने भरलेल्या गाठी असतात. त्या कच्च्या खाल्ल्या, की कुत्र्याच्या पोटात बारीक जंत होतात. त्यांची अंडी विष्ठेतून बाहेर पडतात. ती गवतावाटे मेंढीच्या पोटात जातात, हातावाटे आपल्या पोरांच्याही पोटात जातात. मग माणसाच्या काळजात तशाच गाठी होतात. म्हणून असे अवयव खोल पुरावेत. कुत्र्याला वेळोवेळी जंताचे औषध द्यावे. कुत्र्याला हात लावल्यावर साबणाने हात धुवावेत.

जुन्नर, अकोले भागात उसात बिबटे राहतात. बिबट्या कुत्र्याला भक्ष्य समजतो. तिथे रात्री कुत्रा एकटा बाहेर बांधू नये. हिमाचलातले गद्दी मेंढपाळ कुत्र्याच्या गळ्यात लोखंडी काट्यांचा पट्टा घालतात. बिबट्या गळाच धरतो, हे त्यांना ठाऊक आहे.

शेवटी सर्वांत महत्त्वाचे. मी मास्तर होतो, तेव्हाची गोष्ट. चौथीतल्या एका मुलाला घरचेच कुत्रे चावले. जखम लहानशी होती. आईने तिखट भरले. कोणी मंत्र घातला. सर्वांना वाटले, भागले. दीड महिन्याने पोराला पाणी पिता येईना. पाणी पुढे आणले, की घसा आवळे. तो वाचला नाही. हजेरीतले त्याचे नाव मीच कमी केले.

कुत्रे पिसाळल्यावर उपाय नाही. माणसाला लक्षणे दिसू लागली, की बहुधा तोही हाती लागत नाही. पण त्याआधी उपाय आहे आणि तो सोपा आहे. पिलू तीन महिन्यांचे झाले, की गुरांच्या दवाखान्यात नेऊन त्याला रेबीजची लस टोचून घ्या. पुढे दरवर्षी टोचा. कुत्रा चावला, मग तो घरचा असो की परका, जखम वाहत्या पाण्याखाली साबणाने पंधरा मिनिटे धुवा. तिखट, चुना, हळद काही भरू नका. त्याच दिवशी सरकारी दवाखाना गाठा. डॉक्टर सांगतील तितक्या साऱ्या सुया घ्या. एकही चुकवू नका.

कुत्रा रात्रभर आपली राखण करतो. त्याला मात्र लसीची तारीख वाचता येत नाही. तुम्हाला आता वाचता येते. ती तारीख भिंतीवर लिहून ठेवा.