अर्ध्या व्होल्टचा दिवस

८.४०. भोसरीतल्या लॅबचं कुलूप काढलं. रात्रभर उणे ४० अंशांत ठेवलेलं रडारचं पॉवर सप्लाय कार्ड चेंबरमध्येच आहे. रडारचा बीम अँटेना न हलवता कसा फिरतो, हे सगळे कौतुकाने विचारतात. त्यामागच्या मॉड्यूलना वीज कोण पुरवतं, हे अजून कोणी विचारलेलं नाही.

९.३०. सप्लाय चालू. गॅलियम नायट्राइडच्या ट्रान्झिस्टरला गेटवर निगेटिव्ह व्होल्टेज नसेल तर तो सताड उघडा असतो. म्हणून आधी गेटला उणे ५, मगच ड्रेनला ५० व्होल्ट. उलटं झालं की तो गेलाच. "आधी गेट, मग ड्रेन," लॅबमधले काका रोज मोठ्याने म्हणतात. चेकलिस्ट आहे, पण माझा भरवसा काकांच्या आवाजावर.

११.००. पल्स १०० मायक्रोसेकंदांचा, प्रवाह १० अँपिअर. एवढ्यात कन्व्हर्टरला जागही येत नाही. सगळा भार कपॅसिटरवर. अर्ध्या व्होल्टपेक्षा जास्त उतार नको, तर २००० मायक्रोफॅरड लागतात. तेवढे लावलेत. तरी स्कोपवर पल्स सुरू होताच ०.८ व्होल्टचा खड्डा! काल खोलीच्या तापमानाला तो नव्हता.

आधी संशय प्रोबवर. ग्राउंडची लांब वायर काढून टोकाला स्प्रिंग बसवली. खड्डा जागच्या जागी. मग हिशेब सोपा: १० अँपिअरला ०.८ व्होल्ट, म्हणजे ८० मिलिओहम. थंडीत इलेक्ट्रोलिटिक कपॅसिटरचा ईएसआर, म्हणजे आतला रोध, चढलाय.

दर पल्सला व्होल्टेज सारखंच उतरलं तर निभावतं. पण पल्समधलं अंतर बदलतं, कपॅसिटर कधी पुरता भरतो, कधी नाही. व्होल्टेजबरोबर फेज हलतो आणि डोंगराचा प्रतिध्वनी नीट वजा होत नाही. अशाने रडारवर सिंहगडसुद्धा चालू लागायचा.

१.००. डबा. मटकीची उसळ.

२.३०. काकांनी पॉलिमर टँटलम आणि थोडे सिरॅमिक समांतर जोडले. टेबलावर पल्स देताच कार्ड बारीक आवाजात गायला लागलं. सेकंदाला हजार पल्स, आणि व्होल्टेजसरशी सिरॅमिक किंचित वाकतात, त्याचा हा सूर. मला तो आवडतो. शेजारच्या टेबलाला नाही.

५.१०. पुन्हा उणे ४०. खड्डा ०.१ व्होल्ट. काकांनी चहा सांगितला.

५.४०. मेकॅनिकलवाल्यांचा फोन. १० गिगाहर्ट्झला अँटेनाच्या दोन एलिमेंटमधलं अंतर जेमतेम दीड सेंटिमीटर. मागे सगळं दाटीवाटीने बसवायचं. कव्हरखाली जागा ३.५ मिलिमीटर. नवा कपॅसिटर ४.

"दाबून बसेल का?" म्हणत काका कव्हर हातात घेऊन बघतायत.